हळदीचा मांडव आणि पळालेली कोंबडी

आसनगावला लोकलमधून उतरा. कानातली ती पांढरी बोंडं काढा आणि खिशातला काचेचा फोन सॅकच्या तळाशी दडवून टाका. आपण २००७ च्या मे महिन्यात चाललोय. तिथं हा फोन बाहेर काढलात तर अख्खा पाडा तुमच्याभोवती जमेल आणि आपण ज्यासाठी आलोय ते राहून जाईल.

शहापूरच्या स्टँडबाहेर जीप उभी आहे. नऊ माणसांच्या त्या जीपमध्ये तुम्ही सोळावे. मागच्या फळीवर अंग चोरून बसा. तुमच्या गुडघ्यांमध्ये कुणाचीतरी कोंबड्यांची पाटी, पायावर युरियाच्या रिकाम्या गोणीत भरलेले कांदे, खांद्यावर एका झोपलेल्या पोराचं घामेजलेलं डोकं. डिझेलचा वास, सुक्या बोंबलांचा वास आणि शेजारच्या मावशींच्या वेणीतला कोमेजता मोगरा. ड्रायव्हरनं दार बाहेरून आपटून लावलंय, नाहीतर ते शेणव्याच्या वळणावर उघडतं. आणि डॅशबोर्डवरच्या टेपमध्ये काय वाजतंय? ओळखलंत ना. जीप खड्ड्यात गेली की टेपची पट्टी थरथरते, गाणं क्षणभर जड होतं, मग पुन्हा धावायला लागतं. पाटीतल्या कोंबड्यांचं काही म्हणणं नाही.

गाणं आहे ‘कोंबडी पळाली’. गेल्या वर्षी केदार शिंद्यांचा ‘जत्रा’ येऊन गेला. ह्यालागाड आणि त्यालागाड अशा दोन गावांच्या भांडणाचा सिनेमा, त्यात भरत जाधव आणि क्रांती रेडकर यांनी नाचून ठेवलेलं हे गाणं. जीपमधल्या किती जणांनी तो थिएटरात पाहिलाय? बहुधा कुणीच नाही. कुणी टीव्हीवर अर्धा पाहिलाय, कुणी शहापुरातून आणलेल्या व्हीसीडीवर, मधेच वीज गेली म्हणून शेवट न बघता. गाण्याला त्याची गरज पडलेली नाही. ते सिनेमातून केव्हाच बाहेर पडून जीपमध्ये चढलंय.

डोळखांब आलं. उतरा, पण जरा जपून, पाय बधिर झालाय. बाजारपेठेत दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, भारनियमनाची वेळ आहे. पंखे गप्प. किराणावाला पुठ्ठ्यानं वारा घेत बसलाय. चहाच्या टपरीवर स्टो फुरफुरतोय. पूर्वेकडे मान वर करा. तो काळा, उभा, कातळाचा आजा पर्वत. सीतामाईनं लव-कुशाचा पाळणा तिथं बांधला होता, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. उन्हानं तो डोंगर इतका तापलाय की संध्याकाळी सूर्य बुडाल्यावरही त्याच्या अंगातून झळ येत राहील.

इथून पुढं पायी. शेतं मोकळी, भाताची धसकटं तळव्यांना टोचतात. राबासाठी भाजलेल्या जमिनीचा धुरकट वास आहे. वाटेत करवंदांची जाळी लागेल, चार तोडून तोंडात टाका. चीक ओठांना चिकटेल, चिकटू दे. पुढून पाण्याचा टँकर जातोय, त्याच्यामागं हंडे घेऊन धावणाऱ्या बाया दिसतायत. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. लग्नघरानं या टँकरची वाट सकाळपासून पाहिलीय. पिंप भरलं की पहिला तांब्या पाहुण्यांना. तुमच्या हातात तो आला की सगळा पिऊ नका. मागं अजून माणसं आहेत.

आलं लग्नघर. आज नवऱ्याची हळद.

मांडवावर जांभळीचे ताजे डहाळे टाकलेत, त्याखाली शिरलात की एकदम अंगावर हिरवा गारवा येतो. दारात उंबराची फांदी रोवलीय. शेणानं सारवलेल्या खळ्याचा ओलसर वास, त्यात तीन दगडांच्या चुलीवर चढलेल्या मोठ्या टोपातून उठणारा मसाल्याचा वास. चुलीशी पाच-सहा बायका तांदळाच्या भाकरी थापतायत. थप थप थप. त्यांच्या बांगड्यांचा आणि भाकरीचा ठेका एकच आहे, हे ध्यानात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

“कुठून आलाव? मुंबईशी का?” विचारणारी नवऱ्याची आत्या आहे. तुम्ही काहीतरी पुटपुटताय, पण उत्तराची तिला घाई नाही. तिच्या तळहाताला ओली हळद लागलीय आणि ती आता तुमच्या दोन्ही गालांना लागलीय. थंडगार. कच्च्या हळदीचा तो मातकट, किंचित तिखट वास नाकात बसतो. झालात तुम्ही घरचे.

अंधार पडतो तसे बेंजोवाले येतात. टेम्पोतून उतरणारं सामान नीट बघा. पत्र्याचे दोन भोंगे, ताशा, ढोल, एक ऑक्टोपॅड आणि कापडात गुंडाळलेलं ते लाडकं वाद्य. सगळे त्याला बेंजो म्हणतात, मूळचा तो बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली ताणलेल्या तारा, आणि आता त्याला वायर जोडून भोंग्यातून कान फोडणारा आवाज मिळालाय. वाजवणारा पोरगा एकोणीस-वीसचा असेल. मधे भांग पाडून ‘तेरे नाम’सारखे केस कपाळावर सोडलेत. त्याच्याशेजारच्यानं हिमेशसारखी टोपी घातलीय, एवढ्या उकाड्यात. नोटेशन वगैरे भानगड नाही. गाणं दोनदा कानावरून गेलं की बोटांत उतरतं.

जनरेटर सुरू होतो. धडधड, धूर, मग हॅलोजनचा पांढरा झोत, आणि त्या झोतात हजार किडे. पहिली दोन गाणी देवाची. खंडोबा झाला, एकवीरा झाली. म्हातारे खाटांवर बसून मान डोलावतायत. आणि मग बेंजोवाला मान वर करून पोरांकडे बघतो. पोरांना कळतं. पोरींना तर आधीच कळलंय, त्यांनी पदर खोचलेत.

ढोलावर टिपरी पडते आणि मांडव उडतो.

तुम्ही उभे आहात ती जमीन खालून हलतेय. हा ढोल छातीच्या पिंजऱ्यात घुसतो, कानांची त्याला फारशी गरज पडत नाही. मातीची धूळ गुडघ्यापर्यंत उठलीय, तिच्यात हळद मिसळलीय, हॅलोजनच्या उजेडात हवाच पिवळी दिसतेय. कुणी दातात रुमाल धरलाय, कुणी डोक्यावर टॉवेल टाकलाय. मामा पन्नासची नोट नवऱ्यावरून ओवाळून बेंजोवाल्याच्या पट्टीत खोचतायत. कुणाचातरी घामट खांदा तुम्हाला ढकलतो आणि तुम्ही आत जाता. नाचता येत नाही? इथं कुणी बघत नाहीये. उडी मारा. दुसरी. हां, असंच.

वरवर सगळं कोंबडीबद्दल आहे. पण या मांडवात एकाही माणसाला कोंबडी दिसत नाही. नवऱ्याच्या मित्रांना कोण दिसतेय ते त्यांच्या नजरेवरून कळतं, आणि ती जी दिसतेय तिलाही ते पुरतं ठाऊक आहे. गाण्याची खोडी हीच. उघड काही बोलायचं नाही, पण बाकी काही ठेवायचंही नाही. शब्द जितेंद्र जोशीचे, ज्याला तुम्ही नट म्हणून ओळखता. संगीत अजय-अतुल यांचं. वडील महसूल खात्यात, त्यामुळं या दोघा भावांचं बालपण जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर असं बदल्यांच्या गावांतून फिरत गेलं. संगीताचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. इथून मुरबाडकडे जा, माळशेज घाट चढा, की पलीकडे जुन्नरच. एकाच सह्याद्रीच्या दोन बाजू. तिकडच्या बँडात, पालखीत, तमाशाच्या तंबूत त्या पोरांच्या कानांनी जे उचललं ते इकडच्या मांडवात परकं वाटत नाही, यात नवल ते काय!

आणि तो पुरुषी आवाज! बेंजोवाले दम खायला थांबतात तेव्हा भोंग्यावर मूळ सीडी लागते, तेव्हा नीट ऐका. आनंद शिंदे. प्रल्हाद शिंद्यांचा मुलगा, आपल्या कल्याणचा. प्रल्हाददादांच्या आवाजात इथल्या घराघरांतले विठ्ठल आणि गणपती जागे होतात, त्यांच्याच आवाजात भीमजयंतीची रात्र उजाडते. त्या घरातला हा गळा कव्वालीच्या मुकाबल्यांत, जत्रांत, उघड्या मैदानातल्या स्टेजवर तापलेला. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. तासलेल्या, गुळगुळीत आवाजांच्या सिनेमात हा खरखरीत, रुंद गळा अजय-अतुलनी मुद्दाम आणून बसवला. माझ्या मते गाण्याचं निम्मं यश तिथंच आहे. खाटेवरचे आजोबा म्हणतात, “हा आपला माणूस गातोय.” त्यांना ‘आपला’ म्हणजे काय म्हणायचंय ते सांगत बसावं लागत नाही.

पण मला तुम्हाला दाखवायचंय ते वेगळंच. त्याच्या पाठोपाठ येणारा बाईचा आवाज ऐका. वैशाली सामंत. ‘ऐका दाजीबा’ म्हणत काही वर्षांपूर्वी घराघरांत शिरलेली. ती इथं लाजत नाही, पळून कोपऱ्यात जात नाही. त्यानं जितकं फेकलं तितकंच ती परत फेकते, त्याच चालीत, त्याच ठसक्यात. आणि आता मांडवाची डावी बाजू बघा. पोरींनी स्वतःचा वेगळा फेर धरलाय. बाईचा आवाज सुरू झाला की त्या पुढं येतात, हात वर, पोरांच्या फेराकडे तोंड करून. वीस वर्षांची ती निळ्या साडीतली कलवरी, उद्यापासून पुन्हा डोक्यावर हंडा आणि मान खाली. पण या कडव्यापुरती ती एका भर गर्दीला तोंडावर उत्तर देतेय, आणि गर्दी शिट्टी वाजवतेय. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघा. त्याच्यासाठीच मी तुम्हाला एवढ्या लांब आणलंय.

जवळपास पाच वर्षांनी हीच चाल मुंबईच्या मोठ्या हिंदी पडद्यावर जाईल. ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होईल, श्रेया घोषाल गाईल, कतरिना नाचेल, देशभर तिचा गाजावाजा होईल. हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तोंड बंद ठेवा. त्या चालीत पुरुषाचं उत्तर-प्रत्युत्तर करणारं कडवं उरणार नाही, एकटी ती आणि तिच्याकडे बघणारे सगळे. आणखी काही वर्षांनी स्वतः श्रेया घोषालच सांगेल की अर्थ न कळणाऱ्या लहान मुली हे गाणं म्हणतात तेव्हा तिला अवघडल्यासारखं होतं. मला तिचं म्हणणं पटतं. तुमच्या पायाशी बघा ना, पाच वर्षांची एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून तंतोतंत तशीच हलतेय, आणि मोठी माणसं टाळ्या पिटतायत. तुम्हालाही क्षणभर कसंतरी झालं ना? मलाही होतं. तिची आई येऊन तिला कडेवर उचलते, गालावरचा घाम पुसते आणि फेरात परत जाते, तिला कडेवर घेऊनच.

आता उजवीकडे. दोन-तीन पोरं जरा जास्त झालीयत. मोहाच्या दारूचा तो गोडसर, आंबट भपका तुमच्यापर्यंत येतोय. एकाचा पाय पोरींच्या फेराकडे वळतो. गाणं तेच, ठेका तोच, पण हवा बदलते. निळ्या साडीतलीचं हसू विझतं. गाणं चावट आहे की घाण, हा वाद शहरात शब्दांवरून चालतो. इथं तो या दोन पावलांच्या अंतरावर ठरतो. हळदीच्या हातांची ती आत्या फेरात शिरते, पोराच्या छातीला तळवा लावते आणि त्याला मागं ढकलत ढकलत थेट पाण्याच्या पिंपापर्यंत नेते. त्याच्या शर्टावर पाच पिवळी बोटं उमटतात. सगळे हसतात, तोही हसतो, डोक्यावर पाणी मारून घेतो. फेर पुन्हा मिटतो.

ओट्यावर एक म्हातारी बसलीय. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात तंबाखूची डबी. मघापासून तिचं चाललंय, “बंद करा रे ते! काय कोंबडं नि काय! लाज ना शरम. देवक बसलंय घरात.” पोरी तिच्याकडे बघून आणखीच हसतायत. शेजारी बसा तिच्या. ती तुम्हाला सांगेल, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पौषात म्हशाच्या यात्रेला बैल घ्यायला म्हणून पुरुष जायचे आणि तिथं तमाशाच्या कनातीत रात्र काढून यायचे, घोंगडी तेवढी खरेदी करून आणायचे, म्हणजे बायकोला सांगायला काहीतरी हवं. हे सांगताना ती चिडलेली नाही. तिचे डोळे हसतायत. बायकांना मात्र कनातीच्या आत जागा नव्हती.

तिसऱ्यांदा ‘कोंबडी’ची फर्माईश होते. बेंजोवाला घामानं निथळतोय, बटणांवरचं बोट सोललंय, तरी तो वाजवतो. मधल्या कडव्यात जनरेटर एकदा खोकतो. हॅलोजन पिवळा पडतो, तांबूस होतो. आणि फट्.

काळोख.

एवढ्या आवाजानंतरची ही शांतता कानांत शिट्टीसारखी वाजते. हळूहळू बाकीचं ऐकू यायला लागतं. रातकिडे. टोपाखालच्या लाकडांचं तडतडणं. चाळीस माणसांचा श्वास. वर बघा, चांदण्या किती! आजा पर्वत एक मोठा काळा तुकडा होऊन बसलाय. “डिझेल संपलं,” कुणीतरी ओरडतं. कॅन घेऊन एक पोऱ्या सायकलवरून डोळखांबकडे निघतो. अर्धा तास तरी गेला. कुणी गॅसबत्ती पेटवतं, तिची सूं सूं सुरू होते.

नवऱ्याला हळद लावायची राहिलीय. बायका पाटाभोवती जमतात. आणि ओट्यावरून ती म्हातारी उठते. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत. पाटाशी येऊन बसते, डोळे मिटते आणि गायला लागते. लग्नातलं जुनं गाणं, चिरका, उंच, सरळ जाणारा आवाज. पहिल्या दोन ओळी हळदीच्या आणि मांडवाच्या. मग विहीणबाईंची पाळी येते, त्यांच्या खाण्याची आणि चालण्याची. मग नवऱ्याची. मग उद्याच्या रात्रीची, कुरकुरणाऱ्या बाजेची, बाहेर झोपल्याचं सोंग घेतलेल्या सासूची...

तुमचे कान तापले ना? या म्हातारीनं मघाशी कोंबडीची लाज काढली होती, आणि ती आता जे गातेय त्यापुढं ती कोंबडी खरंच पिल्लू वाटावी! एकही शब्द वावगा नाही आणि एकही गोष्ट सांगायची राहिलेली नाही. बाया तोंडावर पदर घेऊन लोळतायत. पाटावरचा नवरा कानापर्यंत लाल, हळदीतूनही दिसतंय. पुरुष लांब सरकलेत, खाटांवर, पाठ फिरवून, पण सगळे ऐकतायत. हे बायकांचं राज्य आहे. लग्नाच्या या एका रात्रीत बाईनं काहीही बोलावं, ही मुभा तिला तिच्या आजीनं दिली, त्या आजीला तिच्या आजीनं. टेप आणि सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीची ही मुभा. वैशाली सामंतच्या त्या कडव्यावर पोरी अशा झेप घेऊन पुढं का आल्या, ते मला या पाटाशी बसून कळलं.

निळ्या साडीतली पुढं सरकते. म्हातारी एक ओळ टाकते, पोरगी तिला उत्तर जोडते, तिथल्या तिथं, ताजं. त्यात ‘तेरे नाम’चे केस आहेत. सगळ्या माना बेंजोवाल्याकडे वळतात.

तो अंधारात हसतोय. वायर काढून टाकलेला बुलबुलतरंग मांडीवर घेतो, भोंग्याशिवाय, तारांचा तो नाजूक, किणकिणता खरा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा म्हातारीच्या चालीवर त्याची बोटं बसतात. ढोलवाला टिपरी बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ठेका धरतो, आणि तो कुठला ठेका आहे हे तुम्हाला लगेच कळतं. चुलीकडच्या बायकांनी भाकऱ्या थापायचं थांबवलेलं नाही. थप थप थप. त्याच चालीत. म्हातारी डोळे उघडते, पोराकडे बघते, आणि गाणं जरा जलद करते.

सायकल येते. डिझेलचा कॅन घेतलेला पोऱ्या धापा टाकत मांडवात शिरतो, “आणलं, आणलं!” कुणी मान वळवत नाही. तो क्षणभर उभा राहतो, कॅन उंबराच्या फांदीशी टेकवतो, हात पँटीला पुसतो आणि तुमच्या शेजारी येऊन बसतो. “कुठपर्यंत आलंय?” तो कानात विचारतो.

“बाजेपर्यंत,” तुम्ही सांगता.